परभणीचा मूग आणि मुंबईचा रेड अलर्ट

आज सकाळी टीव्ही लावला आणि डोकंच सटकलं. ‘महाराष्ट्रासाठी पुढचे ४८ तास धोक्याचे!’ खाली लाल पट्टी आणि चित्र कुठलं, तर गुडघाभर पाण्यातल्या मुंबईचं. हवामान खात्याचं पत्रक उघडलं, तर रेड अलर्ट रायगडला आणि पुणे-साताऱ्याच्या घाटमाथ्याला. परभणीला यलो, म्हणजे विजा कडाडतील, कुठेतरी सर येईल, लक्ष ठेवा. बास.

गेल्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर अशाच एका पट्टीने आमच्या काकांना फसवलं. मूग निम्मा वाळलेला, निम्मा हिरवा. ‘मराठवाड्यात अतिवृष्टी’ ऐकून अख्ख्या गावाने एकाच दिवशी शेंगा तोडायला काढल्या. मजुरी दुप्पट, तरी माणसं मिळेनात. आणि मग काय, चार दिवस कडक ऊन! ओल्या शेंगा ढिगात तापून काळ्या पडल्या आणि आडतीवर भाव पाडून मागितला.

बरं, यात गूढ काही नाही. या दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि ओडिशा, छत्तीसगडवरून मध्य प्रदेशाकडे सरकतो. तो विदर्भाला झोडपतो, मराठवाड्याला कधी देतो, कधी नुसतं आभाळ दाखवतो. मान्सूनचा आस, म्हणजे पाऊस देणारी कमी दाबाची लांब रेषा, हिमालयाच्या पायथ्याशी गेला की उत्तराखंड-हिमाचलात दरडी कोसळतात आणि आपल्याकडे उघडीप. पश्चिम राजस्थानातून तर १७ सप्टेंबरच्या सुमारास पाऊस परतायलाही लागतो. एवढा खंडप्राय देश, आणि यांची पट्टी एकच!

खात्याला शिव्या घालायला मी बसलेलो नाही. १९९९ च्या ओडिशाच्या चक्रीवादळात जवळपास दहा हजार माणसं गेली, २०१३ च्या तिथल्याच फायलिन वादळात पन्नासच्या आसपास. अंदाज वेळेत आला, लाखो लोक हलवले, म्हणून. तीन दिवस आधी ढग कुठल्या तालुक्यावर फुटेल हे सांगणं अवघड असतं, तेही मान्य. पुण्यातल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तर अंदाजासाठी सहा-सहा किलोमीटरच्या चौकटींचं नवं मॉडेल केलंय. ही माणसं रात्र रात्र जागून जिल्हावार इशारे काढतात, आणि स्टुडिओतला कोट घातलेला माणूस ‘राज्यभर’ म्हणून मोकळा होतो.

चुकलाच, तर त्याचं काय जातं? काकांचा मूग गेला. विमावाल्यांना सांगायलाही काही नव्हतं, कारण पाऊस पडलाच नव्हता ना! महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर सरकारदरबारी अतिवृष्टी. पडेल या भीतीने झालेलं नुकसान कुठल्या रकान्यात बसतं, सांगा?

‘सावध केलेलं काय वाईट’ म्हणणारे कमेंटमध्ये येतीलच. या. आधी काकांची ती मजुरी भरा आणि मग या.

मघाशी काकांना फोन केला. यंदाही मूग तयार आहे. म्हटलं, “काका, परभणीला यलोच आहे, घाई करू नका.” तर म्हणतात, “तुझं खरं असंल रे बाबा, पण शेजारच्यानं मजूर सांगून ठेवलेत. उद्या मला कोण मिळंल?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनीही तोडणी उद्यावरच घेतलीय.