गुरुजींच्या वाणीचं स्वातंत्र्य कसं जपावं

आमच्या अनिरुद्धला गेले तीन आठवडे वर्गात ‘ॲनी-रूड’ म्हणतात. पोरं खिदळतात. घरी तो अन्या, मित्रांत अनि. बाईंनाही ते ठाऊक आहे, पण त्यांचा इलाज नाही. फ्लोरिडात २०२३ पासून कागदोपत्री नाव सोडून दुसऱ्या नावाने मुलाला हाक मारायची तर पालकांची सही लागते. मी सही केली. फॉर्म परत आला, कारण एका रकान्यात मी एकच ‘एन’ लिहिला होता आणि दुसऱ्यात दोन. तेव्हा आता या विषयातली जाणकार म्हणून चार सल्ले देते.

शिक्षकांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कैवारी व्हा. सोपं असतं. आधी शिक्षक काय म्हणाला ते पाहायचं, स्वातंत्र्य आहे की नाही ते मग ठरवायचं. व्हर्जिनियात वेस्ट पॉइंटला फ्रेंच शिकवणाऱ्या सरांनी ट्रान्सजेंडर विद्यार्थ्याचं नवं नाव घेतलं, ‘तो’ म्हणायला मात्र नकार दिला. २०१८ मध्ये नोकरी गेली, २०२४ मध्ये शाळा मंडळाने ५,७५,००० डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. इथे टाळ्या. टॅम्पाच्या ट्रान्सजेंडर बाईंना वर्गात स्वतःच्याच नावामागे ‘मिस’ लावायचं होतं. जुलै २०२५ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, वर्गात तुम्ही सरकारच्या नोकर म्हणून बोलता, नागरिक म्हणून नाही. इथे खाकरा. त्याच वर्षी फ्लोरिडातच एका शिक्षिकेने आईबापांच्या परवानगीविना मुलाला त्याने निवडलेल्या नावाने हाक मारली, म्हणून तिचं कंत्राट पुढे चालू ठेवलं नाही. इथे फोन आल्याचं नाटक करा. तुम्ही पलीकडच्या गोटातले असाल तर टाळ्या आणि खाकरणं यांची अदलाबदल करा, बाकी कृती तीच.

सर्वनामांचा घोळच नको असेल तर सरळ आडनावाने पुकारा. आमच्या गावाकडचे मास्तर जन्मभर तेच करत. पण इंडियानात ब्राउन्सबर्गला ऑर्केस्ट्रा शिकवणाऱ्या सरांनी हीच युक्ती केली, तर शाळेशी त्यांचा २०१९ ला सुरू झालेला खटला २०२५ मध्येही चालूच.

कोर्टाचे निकाल वाचू नका. व्हॉट्सॲपवर येतात.

आणि गणपतीच्या जेवणात, पानात मोदक पडला की, ठणकावून सांगा, “नाव बदलायचं, सर्वनाम बदलायचं, कसली ही थेरं!” आमच्या मंडळात परवा सॅमकाकांनी सांगितलं. काका मूळचे श्यामसुंदर. विमानतळावर उतरल्याच्या आठवड्यात सॅम झाले, तेव्हा कुणी फॉर्म मागितला नव्हता. शेजारी काकू वाढत होत्या. माहेरच्या कुसुम. लग्नात ताटभर तांदळावर अंगठीने त्यांचं नाव लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत अख्खं गाव त्यांना वसुधा म्हणू लागलं. कुणाच्या जिभेला त्रास झाला नाही, कुणाचं स्वातंत्र्य धोक्यात आलं नाही! आणि सर्वनामांचं म्हणाल, तर जावयाला चुकून ‘तू’ म्हटलं म्हणून दिवाळसण रुसून गेलेली घरं आहेत आपल्याकडे. काकू अजून काकांना ‘अहो’च म्हणतात. आणि हेच काका विचारतात, एका शब्दाने एवढं काय होतं?

काय होतं? माझ्या मुलाला विचारा. त्याचं तर नुसतं नाव वाकडं घेतात, तरी तो सकाळी पोट दुखतं म्हणतो. ज्या पोराला रोज नको त्या नावाने उभं करतात त्याचं काय होत असेल? त्याला कोण विचारतंय! वकील त्याच्याबद्दल बोलतात, आमदार बोलतात, तुम्ही मोदक खाताखाता बोलता. शिक्षकाला बोलायचा हक्क हवा ना? मग तो टॅम्पाच्या बाईंनाही द्या आणि वेस्ट पॉइंटच्या सरांनाही, मला सरांचं म्हणणं पटत नसलं तरी. नसेल द्यायचा तर स्वातंत्र्याच्या नावाने गळे काढणं बंद करा, लाज वाटू द्या थोडी.

फॉर्म तिसऱ्यांदा भरून दिलाय. एकच ‘एन’.