आपले अकरा खासदार सांगा बरं

परवा रविवारी आमच्या वाचनालयाच्या समितीची बैठक होती. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली जुनी इमारत. दिवाळी अंकांच्या कपाटाशेजारी छत गळतं, म्हणून तिथे एक पिवळी बादली बारा महिने मुक्कामाला. छताचा खर्च कुठून आणायचा, हा विषय. कुणीतरी खासदार निधीचं नाव काढलं. मी म्हटलं, लोकसभेच्या एकाकडेच कशाला जायचं? राज्यसभेत मध्य प्रदेशाचे अकरा आहेत. वर्षाला पाच कोटींचा निधी त्यांनाही असतो, आणि लोकसभेवाल्याला आपला मतदारसंघ बघावा लागतो, तसं यांना नाही. ज्या राज्यातून निवडून आले त्या राज्यात कुठेही काम सुचवता येतं.

"अकरा?" काकांनी चष्मा काढला. "नावं सांग."

बारा जण बसलो होतो. सगळ्यांची मिळून चार नावं निघाली, त्यातलं एक कधीच निवृत्त झालेलं.

"अरे, ती हरलेल्यांची धर्मशाळा," काकांनी निकाल दिला.

ग्वाल्हेरकराला हे म्हणायचा हक्क आहे, कारण आम्ही ते घरातच पाहिलंय. शिंदे की छावनीत जन्मलेले अटलजी 1984 मध्ये इथूनच, माधवराव शिंद्यांकडून, पावणेदोन लाख मतांनी पडले आणि 1986 मध्ये मध्य प्रदेशातून राज्यसभेत गेले. माधवरावांचे चिरंजीव ज्योतिरादित्य 2019 मध्ये गुणा मतदारसंघात हरले, 2020 मध्ये राज्यसभेत. पण मला त्या धर्मशाळेचं वावडं नाही. 1984 मध्ये भाजपचे लोकसभेत दोनच खासदार होते. अटलजींसारखा वक्ता पाच वर्षं संसदेबाहेर बसला असता, तर त्यात कुणाचं भलं होतं?

आणि ते सभागृह नुसतं शोभेचंही नाही. पैशाच्या विधेयकावर त्याचं फारसं चालत नाही हे खरं. चौदा दिवसांत परत पाठवायचं, सूचना मानायच्या की नाही ते लोकसभा ठरवणार. साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचं जमलंच नाही तर संयुक्त बैठक, तीही आजवर तीनदाच झाली: 1961, 1978 आणि 2002. घटनादुरुस्तीला मात्र ती पळवाट नाही. तिथे दोन्ही सभागृहांत वेगवेगळं विशेष बहुमत लागतं. जीएसटीची दुरुस्ती लोकसभेने मे 2015 मध्ये मंजूर केली, राज्यसभेतून ती बाहेर पडली 3 ऑगस्ट 2016 ला, आणि एक टक्का जादा कराची तरतूद गाळूनच.

माझं दुखणं वेगळं आहे. या सभागृहाच्या नावातलं राज्य कुठे गेलं?

2003 पर्यंत कायदा सांगत होता की ज्या राज्यातून राज्यसभेवर जायचं, तिथल्या मतदारयादीत नाव हवं. त्या वर्षी ती अट काढली. आता देशात कुठेही मतदार असलात तरी चालतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, 2006 मध्ये पाच न्यायमूर्तींनी दुरुस्ती वैध ठरवली. वैध आहे, मान्य. पण 2024 मध्ये ज्योतिरादित्य गुण्यातून लोकसभेवर गेले आणि त्यांच्या रिकाम्या जागेवर मध्य प्रदेशाने केरळचे जॉर्ज कुरियन पाठवले. त्याच वर्षी तमिळनाडूचे एल. मुरुगन इथूनच दुसऱ्यांदा. माणसांबद्दल तक्रार नाही, दोघेही तेव्हा केंद्रात मंत्री, आणि मंत्र्याला संसदेत जागा लागतेच. पण चंबळचं पाणी न चाखलेल्या माणसाला इथल्या गोष्टी कोण सांगणार, आणि का?

काका म्हणाले, जुनी अट तरी कोण पाळत होतं? खरंय. मनमोहन सिंग 1991 पासून आसामचे खासदार, गुवाहाटीत भाड्याच्या घराचा पत्ता दाखवून. मला तरी तो पत्ताही चालेल. खोटं का होईना, नातं जोडावं लागत होतं. आता तेवढीही तसदी नको.

मत देणारेही आपण नाही. ते आमदारांचं काम. 230 आमदार आणि तीन जागा असतील, तर पहिल्या पसंतीची 58 मतं मिळाली की झालं. तीही 2003 पासून उघडी: मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. दुसऱ्याच कुणाला दाखवली तर मत बाद. 2017 मध्ये गुजरातेत दोन आमदारांची अशीच गेली आणि काँग्रेसचे अहमद पटेल निवडून आले. म्हणजे आमदाराने पक्षाकडे बघायचं, खासदारानेही पक्षाकडेच. या सगळ्यात आमची पिवळी बादली कुणाच्या नजरेला पडणार?

माझं म्हणणं एवढंच की रहिवासाची अट परत आणा, आणि मतदारयादीतल्या नुसत्या नावावर भागवू नका, पाच-दहा वर्षांचं खरं वास्तव्य मागा. लोकसभेला ती अट नाही, नसू दे. तिथे माणूस निदान आपल्या दारात मत मागायला येतो.

बैठकीत शेवटी ठरलं, अकराही जणांना पत्र पाठवायचं. वहिनींनी मोबाइलवर यादी काढली आणि पत्ते उतरवायला बसल्या. तिसऱ्या-चौथ्या नावाला थांबून विचारलं, "भाऊजी, 'कायमचा पत्ता' लिहू की दिल्लीचा?"

काका म्हणाले, "दिल्लीचा लिही. आणि तिकिटांचा खर्च वाचनालयाच्या खात्यात टाकू नकोस."