झांझिबारचा वेगळा अर्ज

२०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल मॉडेलांच्या पायात चढवली आणि आमचा सांगलीकर भावंडांचा व्हॉट्सॲप ग्रुप पंधरा दिवस धगधगत राहिला. दादाने लिहिलं, ‘आपलं नाव चोरलं.’ मी नैरोबीहून लिहिलं, ‘दादा, नाव चोरलं नाही, नाव घेतलंच नाही, म्हणून तर राग आहे.’ त्यावर ‘तू आता तिकडचाच झालास’ असं उत्तर आलं. चौदा वर्षांत हे वाक्य सवयीचं झालंय.

कोल्हापुरीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं, महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार मिळून. पण त्या कागदाचा अंमल भारताच्या हद्दीत संपतो. मिलानमध्ये तो दाखवून काय करणार? जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याबद्दलची जनहित याचिका फेटाळली, कारण मानांकनाची नोंदणी ज्यांच्या नावावर आहे ते याचिकाकर्ते नव्हते.

मला हे इतकं टोचतं त्याला कारण आहे. आमचा नैरोबीत गोडा मसाला आणि चिवड्याचा छोटा धंदा आहे, पाकिटावर आजीचं नाव. केनियात ट्रेडमार्क घेताना देवनागरी लेबल पाहून वकीलबाई म्हणाल्या, ‘उच्चार रोमनमध्ये द्या आणि अर्थही द्या.’ आजीच्या नावाचा अर्थ काय द्यायचा, यावर घरात एक आख्खी संध्याकाळ गेली.

कागद हातात आला आणि वाटलं, झालं काम. माल शेजारच्या टांझानियात, दार एस सलामला जाऊ लागला. तीन वर्षांनी तिथला वितरक बदलायचं ठरवलं, तेव्हा कळलं की जुन्या वितरकाने आमच्याच नावाचा ट्रेडमार्क अर्ज स्वतःच्या नावावर ठोकलाय. चौदा महिने आक्षेप, पत्रं, फेऱ्या; शेवटी त्याला ‘खर्च’ देऊन अर्ज मागे घ्यायला लावला. तो गृहस्थ कायद्याने पूर्ण चुकीचा होता असंही नाही. आम्ही अर्ज केला नव्हता, त्याने केला.

आफ्रिका म्हणजे एक बाजार, असं पुण्या-मुंबईतल्या निर्यातीच्या भाषणांत ऐकतो. बाजार असेल, नोंदणी नाही. बहुतेक फ्रेंच वळणाचे सतरा देश कॅमेरूनमधल्या याउंदेच्या ‘ओएपीआय’ या सामाईक नोंदणी संस्थेत आहेत, एक अर्ज, सतरा देश, सेनेगलपासून कोमोरोसपर्यंत. तिथे देश निवडायची सोयही नाही, सगळे एकदम. झिम्बाब्वेतल्या हरारेच्या ‘अरिपो’ या दुसऱ्या संस्थेत उलट, तिच्या ट्रेडमार्कच्या बांजुल करारात असलेल्यांपैकी हवे ते देश निवडायचे. युगांडा आणि टांझानिया त्यात आहेत, पण टांझानियाने तो करार आपल्या कायद्यात नीट उतरवलेला नसल्याने वकील सांगतात, तिथे जाऊनच अर्ज करा. माद्रिद या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या पद्धतीने केनियातून रवांडा, झांबिया, मोझांबिक गाठता येतात. पण आमचे खरे गिऱ्हाईक शेजारी, टांझानिया आणि युगांडा, त्या यादीत नाहीत. नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिका या तिन्हींच्या बाहेर. आणि टांझानियाचा कागद म्हणजे नुसती मुख्य भूमी! टांझानियाचाच भाग असलेल्या झांझिबार बेटांचं कार्यालय वेगळं, अर्ज वेगळा, फी वेगळी.

म्हणून दादाचा राग मला खोटा वाटत नाही, चुकीच्या पत्त्यावर गेलेला वाटतो. इथल्या लोकांनी हे दुखणं आपल्या आधी भोगलंय. २००६च्या सुमारास ब्रिटनमधल्या एका कंपनीने ‘किकॉय’ हे नाव तिथे ट्रेडमार्क करायला घेतलं. किकॉय किंवा किकोई म्हणजे इथल्या किनाऱ्यावरचे पुरुष लुंगीसारखं नेसतात ते सुती कापड. केनियातून विरोध उभा राहिला आणि अर्ज टिकला नाही. इथियोपियाने तर पाऊल आधीच टाकलं: २००५मध्ये सिदामो, हरार, यिर्गाचेफे ही कॉफीची नावं सरकारने अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून मागितली. अमेरिकेतल्या कॉफी व्यापाऱ्यांच्या संघटनेने आडकाठी केली, स्टारबक्सशी जुंपली, आणि २००७मध्ये समझोता झाला. मानांकनाच्या वाटेने न जाता त्यांनी ट्रेडमार्कच का निवडला? लाखो लहान शेतकऱ्यांवर देखरेख ठेवण्यापेक्षा नाव ताब्यात ठेवणं त्यांना सोपं वाटलं. आपल्याकडे मानांकन मिळालं की हार-तुरे, पेढे, आणि पुढच्या देशात अर्ज कुणी करायचा हा प्रश्न बैठकीच्या इतिवृत्तातही येत नाही.

दादाचं एक म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. ‘तुझ्यासारख्याला वकील परवडतो रे,’ तो म्हणाला, ‘मिरजेच्या वाटेवर चप्पल शिवणाऱ्याला काय सांगू?’ भारतात लहान उद्योगाला एका वर्गाचा, म्हणजे एका प्रकारच्या मालाचा, ऑनलाइन अर्ज ४,५०० रुपयांत होतो. पण शिवणाऱ्याकरता दहा देश म्हणजे दहा वकील, दहा मुखत्यारपत्रं. तो खर्च शिवणाऱ्याने नाही, मानांकन ज्याच्या नावावर आहे त्या चर्मोद्योग महामंडळाने आणि सरकारनेच करायचा असतो. हे लिहिलं तर दादाने अंगठा दाखवला, पहिल्यांदाच.

आमचा झांझिबारचा अर्ज गेल्या मंगळवारी गेला. वकीलबाईंनी परत विचारलं, आजीच्या नावाचा अर्थ काय लिहू? मागच्या वेळी काय लिहिलं होतं, ते मी आता फायलीत शोधतोय.