स्लीव्ह झाल्यावरचं जेवण आणि आपला आग्रह

हे एकदा इथे लिहूनच टाकते, म्हणजे प्रत्येक बारशाला आणि प्रत्येक लग्नात नव्याने सांगत बसायला नको. मी वजनाचं ऑपरेशन केलंय. बॅरिॲट्रिक सर्जरी, त्यातलं स्लीव्ह. 2024 मध्ये केलं. लिंबू-मध नाही, कीटो नाही, रात्रीचं जेवण बंद वगैरे पण नाही. उंची पाच फूट दोन इंच आणि वजन 104 किलो होतं, जोडीला शुगर, आणि झोपेत श्वास अडकायचा तो वेगळाच. ज्यांना 'शॉर्टकट' म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणा, फक्त गडकरींनी 2011 मध्ये केलं आणि जेटलींनी 2014 मध्ये केलं तेव्हा तुम्ही 'तब्येतीसाठी केलं असेल हो' म्हणालात आणि माझ्या वेळेला 'जिभेवर ताबा नाही म्हणून' म्हणालात, एवढं लक्षात आहे माझ्या.

पण ऑपरेशनविषयी मला फार काही लिहायचं नाहीये. ते करणारे डॉक्टर हुशार असतात, दुर्बिणीतून होतं, दोन-तीन दिवसांत माणूस घरी. मला लिहायचंय त्यानंतरच्या जेवणाविषयी. कारण ते घरात होतं, चारचौघांत होतं, आणि त्याबद्दल कुणी धड बोलत नाही.

आधी थोडक्यात काय होतं ते. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग कापून बाहेर काढतात, उरते ती केळ्याएवढी नळी. भूक लावणारं जे घ्रेलिन नावाचं हार्मोन आहे ते जास्त करून ज्या भागात तयार होतं तोच भाग गेलेला असतो, त्यामुळे सुरुवातीला भूक लागतच नाही. खरंच नाही. घड्याळाकडे बघून खायचं. आधी नुसतं पाण्यासारखं, म्हणजे नारळपाणी, वरणाचं वरचं पाणी, गाळलेलं ताक, तेही घोट घोट. मग जरा दाट, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि महिना-दीड महिन्याने हळूहळू आपलं नेहमीचं. प्रत्येक हॉस्पिटलचा तक्ता थोडा वेगळा, पण चढण्याच्या पायऱ्या याच.

आमच्याकडे स्वयंपाक सासूबाई करतात. मी ऑफिसला जाते, त्या स्वयंपाकघर बघतात, वीस वर्षं हेच चालू आहे आणि कुणाचीच तक्रार नाही. ऑपरेशननंतर त्यांनी माझ्यासाठी देवघरातल्या कपाटातून माझ्या मुलाची अन्नप्राशनाची चांदीची वाटी काढली. तेवढीच मापाला बरोबर होती. त्यात चार चमचे मुगाचं कढण, वर जिऱ्याची फोडणी नाही, मीठ बेताचं, आणि त्या समोर बसून बघायच्या की किती वेळात संपतं. अर्धा तास. चार चमच्यांना अर्धा तास. एक दिवस त्या उठून आत गेल्या आणि मामंजींना म्हणाल्या, 'ही अशी जेवणार असेल तर मी रांधू कुणासाठी?' मला बाहेर ऐकू आलं. त्यात राग नव्हता. ज्या बाईने आयुष्यभर प्रेम म्हणजे पोळीवरचं तूप असंच दाखवलं तिच्या हातातलं ते भांडंच आपण काढून घेतलं, हे आम्हाला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. डाएटिशियनने मला सगळं समजावलं होतं, त्यांना कुणीच नाही.

म्हणून माझं एक ठाम मत झालंय. ज्याचं ऑपरेशन आहे तो तर डाएटिशियनकडे जातोच, पण घरात जो माणूस गॅससमोर उभा राहतो त्याला बरोबर घेऊन जा. आई असेल, बायको असेल, स्वयंपाकाच्या मावशी असतील तर त्यांनाही. नवरे मंडळी सहीला येतात, पैसे भरायला येतात, आणि डाएटच्या मीटिंगला बाहेर मोबाईल बघत बसतात. त्याचा शून्य उपयोग. मी नंतर सासूबाईंना घेऊन गेले. डाएटिशियन बाईंनी त्यांना सरळ विचारलं, 'तुम्ही दिवसभरात काय काय करता?' आणि मग त्याच पदार्थांतून सगळं बसवून दिलं. पोळीआधी वरण आणि उसळ. पनीरची भुर्जी. मोड आलेल्या मुगाचं धिरडं. पिठल्यात पाणी कमी. दही बांधून ठेवायचं, चक्क्यासारखं, फक्त साखर नाही. सासूबाई येताना रिक्षात म्हणाल्या, 'हे आधी नाही का सांगायचं, मी काय मुद्दाम शिरा करत होते का!'

सगळा खेळ प्रोटीनचा आहे. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम सांगतात, आणि एका अंड्यात असतं साधारण 6. वाटीभर घट्ट वरणात पण तेवढंच. आता शाकाहारी माणसाने एवढ्याशा पोटात हे बसवायचं कसं? म्हणून पावडर लागते सुरुवातीला, त्याला इलाज नाही. आणि आपला नाश्ता बघा एकदा त्या नजरेने. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य. मी आषाढीला खिचडी खात नाही हे आमच्या बिल्डिंगमध्ये अजून पचलेलं नाही, एकीने तर विचारलं की 'धर्म बदललास का गं?' मी राजगिरा आणि दूध घेते, विठ्ठलाची काही हरकत दिसत नाही.

दुसरं पाणी. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर साधारण अर्धा तास नाही. लहानपणापासून ताटाच्या उजवीकडे तांब्या-भांडं असणाऱ्या माणसाला हे किती अवघड जातं ते विचारू नका. आणि चावणं. नीट चावलं नाही किंवा एकच घास जास्त झाला की छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं होतं, तोंडात फेसाळ लाळ सुटते आणि मग उठून बेसिन गाठावं लागतं. माझं पोट भरलं की मला शिंक येते. खरंच. असं बऱ्याच जणांना होतं, कुणाला उचकी, कुणाचं नाक वाहतं. घरात आता मी शिंकले की मुलगा ओरडतो, 'आई फुल्ल!' भात आणि मऊ पाव सगळ्यात वाईट, आत जाऊन गोळा होतो. मी नाशिकची आहे, त्यामुळे मिसळीचं काय झालं असेल हे समजून घ्या. मटकी खाते, तर्री चमचाभर, पाव समोरच्याच्या ताटात.

आता मूळ मुद्द्यावर येते. भूक कमी झाली म्हणून खाणं सोपं झालं असं सगळ्यांना वाटतं. अहो, एकटीने कमी खाणं सोपंच आहे. अवघड आहे ते आपल्या लोकांसमोर कमी खाणं. आपल्याकडे 'नको' हा शब्द कुणी ऐकतच नाही. 'नको' म्हणजे 'अजून एकदा विचार'. 'पुरे' म्हणजे 'लाजतेय'. वाढणाऱ्याचा हात पानावर आल्यावर आपण दोन्ही हात आडवे धरायचे आणि त्याने बोटांच्या फटीतून जिलबी टाकायची, यात आपल्याला केवढा आनंद! ऑपरेशननंतर पहिल्याच वर्षी एका पंगतीत मला एका काकूंनी गळ्याची शपथ घालून अख्खी पुरणपोळी खायला लावायचा प्रयत्न केला. मी चतकोर घेतली. तर 'आम्ही परके झालो आता.' चतकोर पुरणपोळीवरून नातं तुटत असेल तर मग ते कशावर टिकलं होतं?

आणि पानात टाकायचं नाही हे दुसरं. ते माझ्यावरही बिंबलेलं आहे, मलाही टाकवत नाही. मग माझं उरलेलं जातं नवऱ्याच्या ताटात. ऑपरेशन माझं झालं आणि वजन त्याचं वाढलं, हे मी विनोदाने लिहीत नाहीये, त्याची पँट बघा. शेवटी आम्ही माझ्यासाठी नाश्त्याची छोटी प्लेट घेतली, तिच्यात बसेल तेवढंच वाढायचं. बाहेर गेलं की वेगळीच तऱ्हा. थाळीच्या हॉटेलात भिंतीवर पाटी असते, थाळी शेअर करता येणार नाही. अगदी बरोबर आहे त्यांचं, धंदा आहे. पण मी दोन चमचे आमटी आणि अर्धी वाटी उसळ खाऊन अख्ख्या थाळीचे पैसे देते आणि वर वेटर येऊन काळजीने विचारतो, 'ताई, आवडलं नाही का?' आता मी तिथे जातच नाही, जिथे सुटी डिश मिळते तिथे जाते.

बाकीचं पटकन सांगते कारण इनबॉक्समध्ये तेच विचारतात. केस गळतात, हो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ओंजळी भरभरून गळतात, घाबरायला होतं, नंतर थांबतं आणि परत येतात. बी ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम, डी, या गोळ्या 'बरं वाटतंय' म्हणून बंद करायच्या नसतात आणि लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नसतं, मध्ये दोन तास ठेवायचे. रक्त दरवर्षी तपासायचं, कायम. दुखलं म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून खायची नाही, आधी आपल्या डॉक्टरला फोन. ॲसिडिटी स्लीव्हनंतर बऱ्याच जणांना होते, मलाही आहे. शुगर-बीपीच्या गोळ्या वजन उतरतं तशा कमी कराव्या लागतात, डॉक्टर करतात, आपण नाही. पिणाऱ्यांनी लक्षात ठेवा, दारू आता लवकर आणि जास्त चढते. आणि ज्यांना मूल हवंय त्यांनी साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायचं असतं, हे तरुण मुलींच्या सासरच्यांनी मुद्दाम वाचा, कारण वजन उतरलं की पीसीओडीवाल्या, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित झालेल्या मुलींना दिवस जायची शक्यता उलट वाढते.

इन्शुरन्सचं विचारलं होतं एकीने. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती तो आकडा, 40 च्या वर, किंवा 35 च्या वर आणि जोडीला हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकतो तो), आटोक्यात नसलेली शुगर असलं काही असेल तर पॉलिसीत कव्हर होऊ शकतं, पण त्याला वेटिंग पीरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठराविक काळ थांबावं लागतं. आधी पॉलिसी वाचा मग तारीख घ्या. माझ्या फाइलवर कंपनीने इतक्या क्वेरी काढल्या की त्या पळापळीतच दोन किलो उतरले असतील.

आणि हो, 'वजन उतरवायचं इंजेक्शन का नाही घेतलं?' त्यातलं मौंजारो भारतात आलं मार्च 2025 मध्ये, वेगोव्ही जून 2025 मध्ये. माझं त्याआधीच झालं होतं. आत्ता निर्णय घ्यायचा असता तर डॉक्टरांशी त्यावरही बोलले असते. पण इंजेक्शन घेणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं रडगाणं ऐकलं तर तेच आहे, दोन घासांत पोट भरतं आणि सासरी गेली की 'डाएट करतेस का, सोड गं एक दिवस'. म्हणजे औषध बदललं, ऑपरेशन टळलं, पंगत तीच.

एका गोष्टीचा मला अजून राग येतो, तो लिहिते आणि थांबते. वजन उतरल्यावर लोक माझ्याशी चांगलं वागायला लागले. ऑफिसात जे डोळ्याला डोळा न भिडवता फाइल ठेवून जायचे ते आता चहाला बोलावतात. दुकानातली मुलगी आधी बघून 'तुमच्या साईजचं नाही' म्हणायची, आता 'मॅडम ट्राय तर करा'. मी तीच आहे हो. कामही तेच करते. आनंद होतो का? होतो, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा रेडिमेड कुर्ता बसला तेव्हा ट्रायलरूममध्ये दहा मिनिटं उभी होते. पण आधीच्या त्या बाईच्या वतीने संतापही येतो. आणि हेच लोक आता म्हणतात 'बास कर, चेहरा उतरलाय, सुकलीस अगदी'. पूर्वी म्हणायचे 'किती वाढलीस'. माझं शरीर हा गल्लीच्या कट्ट्यावरचा विषय नाही.

घरात आता बरं चाललंय. सासूबाई स्वतः पण रात्री भात कमी करून उसळ जास्त घेतात, त्यांच्या गुडघ्यांना बरं वाटतंय म्हणे. पाहुणे आले की त्याच पुढे होऊन सांगतात, 'तिला वाढू नका, ती मागून घेईल.' हे वाक्य इतकं साधं आहे, पण ते माझ्या तोंडून आलं तर उद्धटपणा होतो आणि त्यांच्या तोंडून आलं की सगळे गप्प बसतात. त्यामुळे प्रत्येक घरात हे वाक्य म्हणणारं एक मोठं माणूस ऑपरेशनच्या आधी तयार करून ठेवा.

हॉस्पिटलचं आणि डॉक्टरांचं नाव मी देणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका, दोन-तीन ठिकाणी स्वतः जाऊन बोला. पुढच्या महिन्यात मावसभावाचं लग्न आहे सिन्नरला, नातेवाईक मंडळी इथे बरीच आहेत म्हणून आत्ताच सांगून ठेवते: माझ्या पानात एक चमचा मसालेभात, जरा जास्त मटकीची उसळ, जिलबीचा एक वेढा. मठ्ठा चालेल, पण जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने, तेव्हा आचाऱ्याला सांगून एक ग्लास बाजूला काढून ठेवा.