तीन हजारांचा डबा आणि पहाटेचं चहा-बिस्कीट

आमच्या ग्राउंडवरच्या पालकांच्या ग्रुपवर परत प्रोटीन पावडर सुरू झालंय. कोणता डबा, कोणता फ्लेवर, डिस्काउंट कुठे. मुलं तेरा-चौदाची, खो-खो खेळणारी. तिथे लिहिलं की वाद होतो म्हणून इथे लिहिते.

खरं सांगायचं तर मीही डबा कार्टमध्ये टाकला होता. माझी लेक चौदाची, वजन ४२ किलो. दोन महिन्यांपूर्वी प्रॅक्टिसला खांबावर सूर मारून उठली आणि डोळ्यापुढे अंधारी येऊन तिथेच मातीत बसली. लगेच एक काका, "ताई, प्रोटीन कमी पडतंय, पावडर चालू करा." डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८, म्हणजे १२ च्या खाली. पाळी सुरू होऊन वर्ष झालेलं, वाढीचं वय, त्यात रोज दोन तास धावणं. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, सकाळी काय खाऊन जाते?

चहा आणि चार बिस्किटं. साडेपाचला. त्यानंतर थेट साडेदहाच्या सुट्टीतला डबा, तोही अर्धा परत. इतकी लाज वाटली मला! घरात सगळं असून पोरगी पाच तास उपाशी, आणि मी तीन हजारांचा डबा शोधतेय. वर त्या चहाने जेवणातलं लोहसुद्धा नीट अंगी लागत नाही म्हणे, तो आता बंद.

मग वही घेऊन बसले. खेळणाऱ्या मुलांना किलोमागे साधारण सव्वा ते पावणेदोन ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे हिला दिवसाला ५० ते ७० ग्रॅम. दोन अंडी १२, दोन ग्लास दूध १४, मूठभर शेंगदाणे ७, तीन ज्वारीच्या भाकरी १५-१६, वाटीभर घट्ट वरण आणि वाटीभर मटकीची उसळ मिळून १३-१४. झाले की साठच्या वर! आणि भाकरीत जे कमी असतं ते डाळीत असतं, डाळीतलं कमी भाकरी भरून काढते, आपल्या आज्या हे न शिकता करत होत्या. आता हे सगळं ती रोज खाते का, तर नाही, उसळीवर अजून रोज भांडण आहे. पण मुळात पोटभर अन्नच नसेल तर शरीर तेच प्रोटीन सरपणासारखं जाळून टाकतं, मग वरून कितीही स्कूप घाला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमवायला प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच सांगितलंय. ग्रुपवर ही लिंक टाकली तर दोन अंगठे आले आणि लगेच खाली कुपन कोड.

अजून एक, उपास. चतुर्थीला मॅच आणि मुलगी साबुदाणा खिचडीवर! साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात प्रोटीन असलंच तर शेंगदाण्याच्या कुटाचं. सासूबाईंना म्हटलं, मॅचच्या दिवशी उपास नको. दोन दिवस अबोला धरला, मग स्वतःच म्हणाल्या, "राजगिऱ्याचा लाडू आणि दही तरी दे गं तिला." तेवढ्यावर तह झाला. आणि एक बोचतंच, मुलगा तालमीत जातो म्हटलं की घरोघरी त्याचा खुराक ठरतो, दूध-बदाम सुरू होतं, मुलीने तिसरी भाकरी घेतली की मात्र "जाड होशील हं". हे म्हणणाऱ्यांत आपण बायकाच जास्त.

माझा काही डाएटिशियनचा कोर्स नाही. कुणाच्या मुलाला डॉक्टरांनीच काही लिहून दिलं असेल तर जरूर द्या. पण ग्रुपवरच्या सल्ल्यावर आणि जिममधल्या दादाच्या शब्दावर वाढत्या पोरांना डबे नका चालू करू.

आता पहाटे केळं, दूध आणि शेंगदाणा-गुळाचा एक लाडू, बिस्किटं बंद. प्रॅक्टिस संपली की लगेच दोन उकडलेली अंडी, तिथेच कट्ट्यावर बसून. डब्यात चार लाडू देते त्यातले तीन मैत्रिणी खातात, म्हणून उद्यापासून आठ.