पहिली गाडी घेताना पाय टेकवून बघू नये

दहावी झाली, अकरावीला प्रवेश मिळाला, आता गाडी पाहिजे. बरोबरच आहे. घर ते कॉलेज तीन किलोमीटर! आपल्या सोलापुरात सायकलवर गेलास तर सात रस्ता चौकात कुणीतरी ओरडणारच, ‘काय बे, टायर झिजंल की!’ तेव्हा भावा, जरा बस आणि ऐक.

आधी वयाचं मिटवू. तू सोळाचा. १९८८ चा मोटार वाहन कायदा सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतचीच बिनगिअरची गाडी चालवू देतो. आता ५० सीसी म्हणजे लुना, आणि लुना कुठल्या तरी वाड्यात जिन्याखाली कोंबड्यांना आडोसा देत उभी असणार. शोरूममध्ये ५० सीसीची गाडी मागितलीस तर सेल्समन आधी तुला बसवून पाणी पाजेल. गिअरच्या गाडीला अठरा पूर्ण लागतात. म्हणून हा विषय घरी काढूच नकोस. फक्त म्हण, ‘पप्पा, गाडी तुमच्याच नावावर घेऊ.’ पोरगं किती मान देतंय म्हणून पप्पांचे डोळे भरून येतील. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन पोराच्या हातून रस्त्यावर गुन्हा घडला की गाडीमालकाला किंवा पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि तुला पंचविशीपर्यंत लायसन नाही. एवढा मान कोण देतो आजकाल बापाला?

आता सीसी. शंभर सीसी घ्यायची नाही, ती दूधवाल्यांची गाडी. हे कट्ट्यावर मोठ्यानं बोलायचं, आणि त्याच दमात ‘यामाहाची जुनी आरएक्स शंभर मिळाली तर मात्र लगेच घेणार बे’ हेही बोलायचं. आरएक्स ९८ सीसीची आणि स्प्लेंडर ९७.२ ची, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आरएक्स १९९६ सालीच बंद झाली, म्हणजे तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी. तिला सेल्फ नाही, ती किकनंच चालू करायची. टू-स्ट्रोक असल्यानं पेट्रोलबरोबर ऑइलही पिते आणि मागच्याच्या तोंडावर निळा धूर सोडते. पण आवाज! त्या आवाजासाठी लोक नव्या स्प्लेंडरपेक्षा जास्त पैसे मोजतात आणि उरलेलं आयुष्य गॅरेजच्या बाकड्यावर काढतात. तुझाही अभ्यास तिथंच होईल, शांत जागा असते.

ते जमत नसेल तर यामाहाचीच रेसिंगसारखी दिसणारी आर-फिफ्टीन घे. तिची सीट जमिनीपासून ८१५ मिलिमीटर उंच, स्प्लेंडरची ७८५. फरक जेमतेम तीन सेंटिमीटर, पण बुटक्या माणसाला ते तीन सेंटिमीटर सिग्नलला कळतात. म्हणून शोरूममध्ये गाडीवर बसून पाय टेकवून बघायचे नाहीत. शेजारी उभं राहायचं, टाकीवर हात ठेवायचा, फोटो काढायचा, बुकिंग करायचं. पुढं सिग्नलला डाव्या पायाचा अंगठा खड्ड्यात, उजवा पाय हवेत, मागं बसचा भोंगा आणि शेजारच्या रिक्षातनं दोन मावशी टक लावून बघतायत, असा प्रसंग यायचाच. त्या वेळी चेहरा गंभीर ठेवायचा. बघणाऱ्याला वाटतं, पोरगं विचारात आहे.

बुलेटचं विचारू नकोस. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूला गर्दीत अडकलास की ती तू चालवत नाहीस, तिची सेवा करतोस.

घरच्या कामांचा विचार तर अजिबात करू नकोस. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं वीस लिटरचा जार कधीतरी तुलाच आणावा लागतो. आर-फिफ्टीनवर जार ठेवायला जागा नाही, ही तिची सगळ्यात मोठी खुबी. दळण, गॅसची टाकी, शेंगाचटणीचं पार्सल, सगळ्यातनं सुटका. आजीला रूपाभवानीला जायचं असतं, पण त्या मागच्या सीटवर नऊवारीत चढायचं म्हणजे शिडी लागते. आजी एकदा वर बघते, एकदा तुझ्याकडं बघते आणि म्हणते, ‘र्‍हाऊ दे रं बाळा, रिक्षानं जाते.’ बघ, पेट्रोलपण वाचलं.

नंबरप्लेटवर ४१४१ चा ‘दादा’ करायचं स्वप्न असेल तर एवढं एकच वाईट सांगतो. नव्या गाडीला कंपनीचीच प्लेट येते, तिच्यावर कलाकुसर चालत नाही. मन मारून सायलेन्सर बदल. गल्लीतली तान्ही बाळं झोपली की नाही, ते रात्री अकराला कुणीतरी तपासायलाच हवं.

आणि मित्र जपून निवड. गाडीवाले पुष्कळ भेटतील, त्यात एक तरी स्प्लेंडरवाला पाहिजेच. मे महिन्यात दुपारी दोनला, बेचाळीस डिग्रीत, होटगी रोडवर तुझं पेट्रोल संपेल. तू तापलेल्या टाकीवर वाकून हँडल धरून बसशील आणि मागनं तो तुझ्या फूटरेस्टला चपलेचा पाय लावून पंपापर्यंत ढकलत नेईल. वाटेत कॉलेजची पोरं दिसली तर दोघांनी मिळून जोरात हसायचं. लोकांना वाटेल, मजा चाललीय.