251 मोदक आणि आमच्या जिन्याचा केर

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मागच्या आठवड्यात गणपतीच्या कामांची यादी पडली. महिला वर्ग: रांगोळी, आरतीचं ताट, रोजचा प्रसाद (दोन-दोन घरं आलटून पालटून) आणि पहिल्या दिवशी 251 उकडीचे मोदक, प्रत्येक फ्लॅटमागे किमान 10. पुरुष वर्ग: मांडव, लायटिंग, साऊंड, वर्गणी, हिशोब, विसर्जन. खाली जोडलेले हात आणि एक उंदीर.

बी विंगमधली एक मुलगी आहे, हिंजवडीला जाते, तिनं खाली लिहिलं की यंदा उलटं करूया का, वर्गणी आणि हिशोब आम्ही बघतो, मोदक तुम्ही करा. एवढंच. त्याच्यापुढे 184 मेसेज. मी सगळे वाचले, इकडे स्टुटगार्टला रात्री साडेबाराला पांघरुणात फोन धरून, बायको दोनदा म्हणाली अरे तो उजेड बंद कर, सकाळी मुलीला किटात, म्हणजे इथल्या पाळणाघरात, सोडायची तुझी पाळी आहे. पण झोप कसली लागते.

डोकं कशानं फिरलं सांगतो. मोदक कोणी करायचे यानं नाही फिरलं. एक काका म्हणाले आमच्याकडे बायकांवर कसलीही जबरदस्ती नसते, त्या हौसेनं करतात. दुसरे म्हणाले माझी मिसेस म्हणते तिला काहीच प्रॉब्लेम नाही, आता ती मिसेस त्याच ग्रुपात आहे, तिचा अंगठासुद्धा आला नाही. मग तिसऱ्यांनी यादीच दिली, दगडूशेठसमोर ऋषिपंचमीला हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणतात, पथकांत मुली कमरेला ढोल बांधून लक्ष्मी रोडनं वाजवत जातात, ज्ञान प्रबोधिनीत शिकलेल्या बायका लग्नं लावतात, अजून काय पाहिजे तुम्हाला? आणि शेवटी सेक्रेटरी काका, हे सावित्रीबाईंचं पुणं आहे, इथे समानता शिकवायची गरज नाही.

म्हणजे मंत्र सांगायला बाई चालते, पण 501 रुपयांची पावती फाडायला चालत नाही. आणि सावित्रीबाईंचं म्हणाल तर 1848 ला भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांच्यावर शेण फेकणारं पुणं हेच की. आम्ही कर्वे रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही तेव्हा अण्णा कर्व्यांचं नाव घेतो, त्यांनी 1893 ला विधवेशी लग्न केलं म्हणून त्यांच्या मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं होतं. ज्यांना हयातीत शिव्या घातल्या त्यांच्या नावावर आपण चार पिढ्या पुरोगामीपणाची पेन्शन खातोय. हे वाक्य मी ग्रुपवर टाकलं, खोटं कशाला बोलू, टाकून मला बरं वाटलं. सात लाइक आले, त्यातला एक बहुतेक चुकून.

मग मी जरा वाहवलो. आमच्या जिन्याचं उदाहरण दिलं. इथे आमच्या बिल्डिंगमध्ये केरवोखे असतं, नावातच केर आहे बघा, दाराच्या मुठीला ती पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट आणि बाहेरचा फुटपाथ तुमचा. मग तुम्ही डॉक्टर असा नाहीतर पोर्शेमध्ये इंजिनिअर. पाटीवर महिला वर्ग असं काही लिहिलेलं नसतं. आठवडा संपला की आपण पाटी शेजारच्या दाराला लावायची आणि विषय संपला, हौस, संस्कृती, मातृशक्ती काही मध्ये येत नाही. असंच करा ना, फ्लॅट नंबरप्रमाणे, ज्याची पाळी त्यानं मोदक करायचे, घरात कोण करतं ते घरानं बघावं. मला वाटलं आता सगळे गप्प होतील.

सेक्रेटरी काकांचं उत्तर सकाळी आलं. "अरे, तुझ्या जर्मनीत 1977 पर्यंत बाईला नोकरी करायची तर घरसंसार सांभाळून जमत असेल तरच, असा कायदा होता. आपल्याकडे 1966 ला इंदिराबाई पंतप्रधान झाल्या. अभ्यास वाढव."

अभ्यास वाढवला. खरं आहे. पश्चिम जर्मनीच्या सिव्हिल कोडात तसंच लिहिलेलं होतं, लग्न आणि कुटुंबाच्या कर्तव्यांशी जुळत असेल तर. 1977 म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी तेव्हा चांगल्या पस्तिशीच्या असणार. या आजी मला जिना पुसताना बघतात तेव्हा न चुकता म्हणतात, किती छान, बायकोला मदत करतोस. मदत! आणि बायको जिना पुसत असते तेव्हा कडेनं निघून जातात, किंवा कोपऱ्यात राहिलंय एवढं दाखवतात. मुलगी एक वर्षाची झाल्यावर बायको कामावर परत गेली तेव्हा त्यांनीच डोळे मोठे करून विचारलं होतं, इतक्या लवकर? इथे अशा आईला रावेनमुटर म्हणतात, डोमकावळ्याच्या जातीची आई, पिल्लांना घरट्यात सोडून जाणारी. मीही त्याच सोमवारी कामावर गेलो होतो, मला कोणी कुठल्याच पक्ष्याचं नाव दिलं नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही अर्थात. काकांना आयतं कोलीत कशाला द्या.

काय काय लिहिलं नाही ते आता इथे लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय मला पुढे भांडता येईना. बायको पुण्यात टेस्टिंग लीड होती, हाताखाली नऊ माणसं, बाणेर रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालत रात्री नऊला घरी यायची आणि तरी तिचा पगार माझ्याहून चार हजारांनी जास्त होता. इथे ती 60 टक्के काम करते. ठरवून कोणी केलं नाही. आधी व्हिसा माझ्या नोकरीवर, मग तिची भाषा, मग किटात जागा नाही, मग किटात जागा आहे पण माणसं नाहीत म्हणून दीड वाजता मुलीला घेऊन जा. फॉर्मवर दोघांचे नंबर आहेत, माझा वर आहे, फोन तिलाच येतो. मग टॅक्स क्लास. माझा 3, म्हणजे दरमहा कर कमी कापला जातो, तिचा 5, म्हणजे जास्त, कारण माझा पगार जास्त, आणि 5 मध्ये तिच्या हातात इतके कमी येतात की अजून 20 टक्के काम वाढवून काय मिळणार असा हिशोब आम्ही दोघांनी एक्सेल उघडून केला, तो बरोबर आला, आणि गणित बरोबर आलं की माणसाला वाटतं अन्याय झालाच नाही. या देशात नोकरी करणाऱ्या जवळजवळ निम्म्या बायका पार्ट टाइम आहेत, पुरुष साधारण आठातला एक. तासाच्या पगारात बायका 16 टक्क्यांनी मागे, 2024 चा आकडा. पाटीवर महिला वर्ग न लिहिताही जमतं म्हणजे हे.

आणि माझे ते दोन महिने. 2007 पासून इथे नियम आहे, एल्टर्नगेल्ड, म्हणजे मूल झाल्यावर सुट्टी घेणाऱ्या पालकाला मिळणारा सरकारी भत्ता, 12 महिने, दुसऱ्या पालकानंही सुट्टी घेतली तर वर 2 मिळतात, नाही घेतली तर वाया. मी घेतले. फेसबुकवर फोटो टाकला होता, मुलगी छातीशी बांधलेली, मागे जंगल, खाली पुण्यातल्या मित्रांना टोमणा की तुमच्या कंपनीत बापाला किती दिवस मिळतात? (कायद्यानं खाजगी नोकरीत शून्य मिळतात, आईला 2017 पासून 26 आठवडे, केंद्र सरकारी बापाला 15 दिवस, म्हणजे कायद्याच्या डोक्यातसुद्धा मूल आईचंच आहे. टोमणा चुकीचा नव्हता.) पण त्या दोन महिन्यांतला एक आम्ही पुण्यात काढला. तिथे मुलीची आंघोळ बाई घालायची, मऊ भात आई भरवायची, रात्री रडली की बहीण किंवा बायको उठायची, आणि मी वैशाली हॉटेलात बसून मित्रांना सांगत होतो की बापानं सुट्टी घेतली की कसं नातं घट्ट होतं.

आपल्याकडचा सरकारी टाइम यूज सर्व्हे आहे, 2024 चा. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला 289 मिनिटं घालतात आणि पुरुष 88. तेही जे करतात त्या पुरुषांचे 88, आणि तसे चारातला एखादा. हा आकडा मी ग्रुपवर दिला, ठसठशीत, आणि तेवढ्यात माझ्या बहिणीचा वेगळा मेसेज आला. ती ग्रुपात नाही, आईच्या फोनवर वाचत होती. फक्त एवढंच, "तुझे किती?"

जर्मनीतले चांगले आहेत माझे. खरंच. पोळ्या मी करतो, तीन वर्षं झाली, आधी भारताचा नकाशा यायचा आता गोल येतात, फुगतात पण. रविवारी आई व्हिडिओ कॉल करते तेव्हा बऱ्याचदा मी पोळपाटावरच असतो. आणि मी काय करतो, तर लाटणं बायकोच्या हातात देतो, हात पुसतो, फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जातो. एकदा आईनं विचारलं, कपाळाला काय लागलंय रे? पावडर, म्हणालो. चाळिशीचा बाप्या कपाळाला पावडर लावून बसलाय हे चाललं मला, पण कणिक आहे हे सांगवेना. बायको दारात उभी होती. हसली नाही, चिडली नाही, लाटणं घेऊन आत गेली आणि उरलेल्या पोळ्या केल्या.

कोथरूडला गेलो की मग विचारूच नका. ताट समोर येतं, पोळी तव्यावरून थेट, दुसरी संपायच्या आत तिसरी, मी उठायला लागलो की आई म्हणते बस रे, तिकडे करतोस तेवढं पुरे. तिला बहुतेक सगळं माहीत आहे. आणि मी बसतो. मला आवडतं ते, अकरा वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला ती गरम पोळी म्हणजे आपण अजून या घरचे आहोत याचा शिक्काच वाटतो, आणि त्या वेळी स्वयंपाकघरात उभी कोण आहे, तिनं जेवलंय का, हे मी बघत नाही. त्या पोळीशिवाय मी पुण्याचा आहे हे मला दुसरं कोणी सांगतच नाही हल्ली. रिक्षावाला पण हिंदीत बोलतो माझ्याशी.

बरं, मी त्या ग्रुपात कसा, हा प्रश्न एकानं विचारलाच, की इथे राहत नाहीत त्यांनी मत देऊ नये. मी तावातावानं लिहिलं की मी सभासद आहे, शेअर सर्टिफिकेटवर आईबरोबर माझं नाव आहे. लिहिलं आणि मग माझाच हात थांबला. कारण ते नाव कसं आलं? बाबा गेल्यावर कायद्यानं तीन वारस, आई, मी आणि बहीण. मी पंधरा दिवसांसाठी आलेलो. एका दुपारी रजिस्टर ऑफिसात जाऊन बहिणीनं हक्कसोड करून दिलं. कोणी मागितलं नव्हतं तिच्याकडे. कोणी नको पण म्हणालं नाही. वकील म्हणाले सगळेच करतात, आई म्हणाली तिचं तिकडे आहेच की, भाऊजी बाहेर गाडीत एसी लावून बसले होते, बहीण म्हणाली कुठे सही? अंगठ्याचा ठसा मशीनवर नीट उमटेना तर तिनं तो ओढणीला पुसून पुन्हा ठेवला, तीन वेळा. तो अंगठा मला नीट आठवतो. मी तेव्हा परतीचं चेक-इन करत होतो फोनवर.

ती वाकडला राहते. आईचं बीपी, गॅस, बँक, गळका नळ, सगळं तीच. आणि गणपतीच्या पहिल्या दिवशी आमच्या फ्लॅटच्या नावानं जे मोदक जातात तेही तीच करते, दरवर्षी 21, आईला आता जमत नाही म्हणून पहाटे वाकडहून येऊन. म्हणजे सभासद मी, मोदक तिचे. सेक्रेटरी काकांच्या यादीतला महिला वर्ग आमच्यापुरता म्हणजे जिचं सोसायटीत काहीच नाही अशी बाई. आणि मी त्यांना सावित्रीबाई शिकवत होतो.

तिला लिहिलं, हक्कसोड फिरवता येतं का बघू, बक्षीसपत्र करू. ती म्हणाली आईसमोर हा विषय काढलास तर बघ. मग म्हणाली, यंदा येतोयस ना? पिठी मी आणून ठेवते, कळ्या तू पाड. पाठोपाठ त्या हिंजवडीवाल्या मुलीचा ग्रुपवर मेसेज, "दादा, मोदकांच्या यादीत तुमच्या फ्लॅटसमोर तुमचं नाव टाकलंय, चालेल ना?" 24 फ्लॅट, पुरुषांची नावं तीन. त्यातला एक एकटाच राहतो.

काल रविवारी म्हणून प्रॅक्टिसला बसलो. एशियन दुकानातली तांदळाची पिठी, खोबरं फ्रोजन, गूळ मात्र घरचा आणलेला. पहिले सात फुटले. मुलगी सारण खात होती नुसतं. हात कोपरापर्यंत उकडीनं बरबटलेले आणि आईचा व्हिडिओ कॉल. पुसायला वेळच नव्हता, बायकोनं फोन उचलला आणि सरळ परातीसमोर धरला.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "उकड कोरडी झालीय. तेलाचा हात लावून परत मळ." मी मळायला लागलो. तिनं मान जरा वाकडी करून, फोनच्या मागे कोण आहे ते दिसतंय का बघितलं.

"आणि ती काय करतीये मग?"